आठ दिवस म्हणजे किती

शनिवारी सकाळी आत्यांनी गोळ्यांची रिकामी पट्टी टेबलावर आपटली आणि औषधाच्या दुकानदाराला चोर ठरवून टाकलं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर अक्कलकोटच्याही खाली. त्या घरात कन्नड बोलतात, बाहेर मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. लघवीच्या त्रासावर डॉक्टरांनी त्यांना रोज दुपारच्या जेवणानंतर एक गोळी लिहून दिली होती.

"आठ दिवस घ्या म्हटला की डॉक्टर. तुझ्यासमोर म्हटला. आता हितं मोज. सातच हायत. एक कुटं गेली?"

मी मोजल्या. पट्टीला सात खाचा होत्या. चिठ्ठीवरही सातचाच आकडा होता.

"आत्या, त्यांनी सातच लिहिल्यात."

"मग तोंडानं आठ का म्हटला?"

"आठ दिवस म्हणजे एक आठवडा. आठवड्याचे दिवस सात."

"सातच असतील तर आठवडा कशाला म्हणत्यात? आठ हाय म्हणून आठवडा." त्या माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "तुझी बायको एवढं शिकली, पण हिला आठ मोजता येत न्हाय बघ."

नवरा पाण्याची मोटर लावून टाकीपाशी उभा होता. त्या दिवशी नळाला पाणी होतं. "आई, मागच्या शनिवारी पहिली घेतलीस, काल शुक्रवारी सातवी. आज डॉक्टरांनी बोलावलंय. शनिवार ते शनिवार, झाले की आठ."

"मग आजची गोळी?"

"आजची नाही."

"म्हंजे दुकानदारानंच खाल्ली."

मी हसले आणि हसता हसता थांबले. पहिला शनिवार धरला तर आठ, नाही धरला तर सात. दिवस आठ, पण मधले चोवीस तास सातच. माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला, कारण प्रयोगशाळेत चौदा वर्षं मी हाच शब्द वापरत आले होते. "आठ दिवसांनी बघ."

नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?"

"पाणी पुन्हा कधी आहे?"

"चार दिवसांआड. म्हणजे गुरुवारी."

"मोजून सांग."

"मोजायचं काय त्यात? मधले चार सोडायचे, पाचव्या दिवशी पाणी."

आमच्या सोलापुरात हे मोजायला कोणी चुकत नाही. चुकलं तर घागर रिकामी राहते. मी स्वतः स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाण्याच्या तारखांना गोल करते. महिन्याचे सगळे गोल आधीच करून ठेवते आणि एखादा चुकला तर खोडून शेजारी कारण लिहिते. माझ्या स्वभावाबद्दल घरात विनोद होतात, कॉलेजातही होतात. आणि तरी ज्या कामाचा मला पगार मिळतो तिथे मी दिवस तोंडानं सांगत होते.

माझं काम थोडक्यात सांगते. शरीरातल्या पेशी एकमेकींना चिकटून असतात आणि जिथे चिकटतात तिथे दोघींच्या भिंतींमधून आरपार अतिशय बारीक नळ्या असतात. प्रत्येक नळीची अर्धी बाजू एका पेशीची, अर्धी शेजारणीची. या नळ्यांच्या जागेला गॅप जंक्शन म्हणतात. त्यांतून मीठ, साखरेचे छोटे तुकडे, निरोपाची रसायनं इकडून तिकडे जातात. मोठं काही जात नाही. हे आत्यांना सांगितलं होतं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "बोलत्यात म्हणतीस, तर कशात? कन्नडात का मराठीत?"

नळ्या उघड्या आहेत का हे बघायची आमची पद्धत साधी आहे. सपाट डिशमध्ये पेशींचा एक थर वाढवायचा, फरशीसारखा, फट न ठेवता. त्यावर चमकणारा पिवळा रंग ओतायचा आणि ब्लेडनं एक सरळ चीर पाडायची. चिरेवरच्या पेशी फाटतात, रंग त्यांच्यात शिरतो. नळ्या उघड्या असतील तर तो पुढच्या रांगेत जातो, तिथून त्याच्या पुढच्या. पाच मिनिटांनी धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं की रंग किती रांगा आत गेला.

माझ्या विद्यार्थिनीचा प्रबंध याच रांगांवर उभा होता. प्रश्न असा: रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी खूप साखरेत ठेवल्या की त्यांच्या नळ्या कमी होतात, हे आधीपासून माहीत आहे. साखर पुन्हा नेहमीएवढी केली तर त्या परत बोलू लागतात का, आणि कधी? प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणातली मुख्य आकृती आठव्या दिवसाची होती. अठरा डिश. त्यांतल्या नऊ तिच्या. उरलेल्या नऊ तिच्या आधीच्या विद्यार्थ्याच्या. तो करकंबचा, आता पुण्यात एका औषध कंपनीत आहे. त्याचा प्रबंध वेगळा होता, या डिश त्यानं प्रकल्पासाठी केल्या होत्या. त्याच्या डिशमध्ये रंग तिसऱ्या रांगेशी थांबला होता, तिच्यात सहाव्या-सातव्यापर्यंत गेला होता. दोघांची सरासरी काढून आम्ही लिहिलं होतं की संवाद आठव्या दिवशी अर्धवट परततो. आणि दोघांत एवढा फरक का, यावर एक वाक्य होतं: पेशींच्या अन्नात घालायच्या सीरमच्या बाटल्या वेगळ्या असल्यामुळे असावा. ते वाक्य माझं होतं. ते मी तपासलं नव्हतं.

प्रबंध जमा होऊन चार महिने झाले होते. परीक्षकांचे अहवाल चांगले आले होते. व्हायवा, म्हणजे सगळ्यांसमोरची तोंडी परीक्षा, बारा दिवसांवर होती, पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी. त्यानंतर पंधराव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी साडेदहाला, तिला बार्शीच्या एका कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू व्हायचं होतं. हातात पीएच.डी. मिळाल्याचं पत्र असलं तरच. नसलं तर यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला बोलावणार, असं नेमणुकीच्या कागदावर स्पष्ट छापलं होतं. ती बत्तीस वर्षांची होती आणि ही नेमणूक तिला सातव्या मुलाखतीनंतर मिळाली होती.

मी आधी करकंबच्याला फोन लावला.

"मॅडम! आज कशी आठवण झाली?"

"तू साखर उतरवून आठव्या दिवशी डिश बघायचास. नक्की कधी बघायचास?"

"सोमवारी साखर बदलली की पुढच्या सोमवारी बघायचं. आट दिवस झालं की."

"सोमवार ते सोमवार सात होतात."

तो म्हणाला, "न्हाय हो मॅडम, पहिला धरायचा की. बारशाला धरत न्हाईत का जन्माचा दिवस? आणि तुमीच म्हणायच्या, आठ दिवसांनी बघ, पुढच्या सोमवारी. तुमी तर वार बी सांगायच्या." मग आवाज उतरला. "का वं? काय झालं का?"

"अजून नाही," मी म्हणाले.

प्रयोगशाळेत जाऊन दोघांच्या वह्या उघडल्या. त्याच्या वहीत पहिल्या पानावर 'दिवस १' आणि शेवटच्या पानावर 'दिवस ८'. तिच्या वहीत पहिल्या पानावर 'दिवस ०', शेवटी 'दिवस ८'. तारखा दोघांनीही घातल्या होत्या. प्रत्येक पानाखाली माझी सही होती. मी सही करताना कधी तारखा मोजल्या नव्हत्या. आठ लिहिलंय, आठ आहे, पुढे.

ती अकरा वाजता आली. शनिवारी ती पेशींना नवं मीडियम, म्हणजे त्यांचं अन्न, घालायला यायचीच. मी दोन्ही वह्या तिच्यापुढे ठेवल्या आणि पहिल्या पानांवरचा एक आणि शून्य दाखवला.

ती हुशार आहे. तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. आधी तिनं वही मिटली, मग पुन्हा उघडली.

"मी आठ म्हणजे आठच धरलं, मॅडम."

"तसं का धरलंस?"

"आमच्या घरी तेलुगू. आम्ही आठवड्याला वारम म्हणतो, त्यात आकडा नाही. मराठीत लोक सातालाच आठ म्हणतात ते मला माहीत आहे. पण तुम्ही म्हणालात. तुम्ही कॅलेंडरवर पाण्याचे गोल करता. मला वाटलं, मॅडम आठ म्हणाल्या तर आठच असणार."



"हे आणखी कोणाला माहीत आहे?" तिनं विचारलं.

"तुला, मला आणि करकंबच्याला."

"आणि तो काही बोलणार नाही."

"नाही."

तिनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर वैशाखाचं ऊन, अंगणात कुत्रंसुद्धा नाही. "मॅडम, दोन्ही परीक्षकांनी आकृती पाहून चांगलं म्हटलंय. वडिलांनी अख्ख्या गल्लीत सांगितलंय. चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभे राहिलेत ते, त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते ओरडून सांगतात. बार्शीत खोली बघून ठेवली आहे त्यांनी. आणि चूक माझी नाहीच आहे."

"नाही. चूक माझी आहे."

"मग भोगणार मी का?"

हा प्रश्न तिनं आवाज न चढवता विचारला. मला खरं सांगायचं तर गप्प बसण्याचा विचार माझ्या मनात तिच्याआधी आला होता, घरून येताना, रिक्षात. अठरा डिश, एका दिवसाचा फरक, कोण मोजणार आहे? मीच मोजलं नव्हतं. पण आता मोजलं होतं आणि ते न मोजल्यासारखं करणं मला जमणार नव्हतं. तिला मी एवढंच म्हणाले, "व्हायवाच्या गुरुवारी मी परीक्षकांना सांगणार आहे. तू सांगितलंस तर जास्त बरं दिसेल. पण तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

ती उठून आतल्या खोलीत गेली. इनक्युबेटरचं दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण हातात वही होती.

"जास्त साखरेतल्या बारा डिश तयार आहेत. दुसऱ्या कामाला ठेवल्या होत्या. उद्या रविवारी अकरा वाजता साखर उतरवली तर पुढच्या रविवारी अकराला सात दिवस, सोमवारी अकराला आठ. सहा-सहा डिश. व्हायवाच्या गुरुवारच्या आत मोजून होईल."

"एकशे अडुसष्ट तास आणि एकशे ब्याण्णव तास," मी म्हणाले. "दिवस हा शब्द लिहायचा नाही."

"आणि आकडे सारखेच आले तर? म्हणजे सातव्या-आठव्यात काही फरकच नसला तर?"

"तरी सांगायचं."

"काहीही आलं तरी?"

"काहीही. म्हणून आधीच लिहून ठेवू."

तिनं वहीत लिहिलं: निकाल काहीही आला तरी चूक सांगायची. खाली तिनं सही केली, मी केली. तारीख आणि वेळ घातली.

रविवारी अकराला साखर उतरवली. पुढचे चार दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोललो. ती मला मॅडम म्हणत होती, पण आधी त्या शब्दानंतर जे हसणं यायचं ते येत नव्हतं. मी रोज सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला इनक्युबेटरचं तापमान लिहीत होते. सदतीस. सदतीस. सदतीस.

गुरुवारी दुपारी बारा वाजता वीज गेली. दुरुस्तीसाठी जाणार हे कळवलं होतं आणि त्यासाठी जनरेटर आहे. शिपाईमामा खाली गेले आणि दहा मिनिटांनी वर आले.

"मॅडम, डिझेल हाय. पण बॅटरी मेली."

"दुसरी?"

"दुसरी आणायला माणूस पाठवलाय. जेवणाची वेळ हाय, दुकानदार भेटला तर."

पेशींना सदतीस अंश लागतात. इनक्युबेटरचं दार मिटलेलं ठेवलं तर आतली ऊब हळूहळू उतरते. आत थर्मामीटर ठेवलेला होता, काचेतून दिसायचा. एक वाजता छत्तीस पूर्णांक सहा. दीड वाजता छत्तीस पूर्णांक दोन. ती खुर्ची ओढून इनक्युबेटरसमोर बसली होती, जणू नजर हलवली तर पारा पडेल.

"पस्तीसच्या खाली गेलं तर?" तिनं विचारलं.

"तर हा प्रयोग धरता येणार नाही."

"आणि पुन्हा करायला दिवस नाहीत."

"नाहीत."

मग मामांनीच खिडकीकडे बोट दाखवलं. "मॅडम, बाहेर बेचाळीस हाय. एसी बंदच हाय. खिडक्या उघडा की. खोलीच तापवू."

आम्ही तिघांनी पडदे बाजूला सारले, खिडक्या सताड उघडल्या, पश्चिमेच्या सगळ्या. आमची खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. एरवी ज्या उन्हाला आम्ही मार्चपासून शिव्या देतो ते आत आलं. अर्ध्या तासात भिंतीवरचा पारा अडतीसवर गेला. आमच्या अंगावरून घामाच्या धारा लागल्या. इनक्युबेटर छत्तीसवर थांबला आणि मग, हे मी वहीत वेळेसह लिहून ठेवलं आहे, हळूहळू वर चढू लागला.

"दुसरीकडं कुटं जमलं नसतं हे," मामा म्हणाले. "ह्याला सोलापूरच पायजे."

ती हसली. शनिवारपासून पहिल्यांदा. अडीचला वीज आली आणि बॅटरी तीन वाजता.

रविवारी अकराला आम्ही पहिल्या सहा डिशवर चिरा पाडल्या, सोमवारी अकराला उरलेल्या सहांवर. दोन्ही दिवशी ब्लेड तिच्या हातात, घड्याळ माझ्या. प्रत्येक डिशचे दहा फोटो काढले. कोणता फोटो कोणत्या दिवसाचा हे माहीत असताना मोजलं तर डोळा हवं ते बघतो, म्हणून मी एकशेवीस फोटोंना उलटसुलट क्रमांक दिले आणि कोणता क्रमांक कोणत्या डिशचा याची किल्ली एका कागदावर लिहून पाकिटात बंद केली. ते पाकीट प्रयोगशाळेत ठेवण्याइतका माझा स्वतःवर विश्वास नव्हता. मी ते सोमवारी दुपारी घरी नेऊन आत्यांना दिलं.

"ह्यात काय हाय?"

"उद्या सकाळपर्यंत कोणाला देऊ नका. मलासुद्धा."

आत्यांनी ते विभूतीच्या डब्याखाली ठेवलं आणि डब्यावर हात ठेवून बसल्या.

त्या दुपारी आणि संध्याकाळी आम्ही दोघींनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून मोजलं. फोटो, रांगा, आकडा. मला काही फोटोंत तीन रांगा दिसत होत्या, काहींत सहा. पण कोणते कधीचे ते कळत नव्हतं. तीनवाले सोमवारचे असतील तर? सहावाले दोन्ही दिवसांत सारखे विखुरलेले असतील तर? मग करकंबच्याच्या आणि तिच्या डिशमधला फरक कशामुळे होता हे कोणालाच सांगता आलं नसतं आणि चौथं प्रकरण फाडून टाकावं लागलं असतं.

मंगळवारी सकाळी ती आमच्या घरी आली. पुन्हा पाण्याचा दिवस होता. नवरा टाकीवर, मोटर सुरू, अंगणात ओल. तिनं चपला काढल्या आणि आत्यांसमोर उभी राहिली.

"आजी, पाकीट."

"तू का ती, आठ म्हंजे आठ मोजणारी?"

"हो."

"बरोबर मोजलीस. बस." मग माझ्याकडे बघून, "हिला पाकीट देते. पण आधी माझी आठवी गोळी आण."

"आत्या, डॉक्टरांनी थांबवल्यात. लघवी साफ आली."

"मला गोळी खायची न्हाय. त्या दुकानदाराकडनं परत आण, एवढंच."

माझी विद्यार्थिनी खाली मान घालून हसत होती, पण तिची नजर डब्यावरच होती. आत्यांनी ते पाहिलं असावं. डबा बाजूला करून त्यांनी पाकीट तिच्या हातात दिलं.

डायनिंग टेबलावर तिनं किल्ली वाचली, मी आकडे जागेवर लिहिले. आधी तिच्या मोजणीचे, मग माझ्या. आमच्या दोघींत कुठेही एका रांगेहून जास्त फरक नव्हता. एकशे अडुसष्ट तासांच्या सहा डिश, दहा-दहा फोटोंची सरासरी: तीन, तीन, दोन, तीन, चार, तीन. एकशे ब्याण्णव तासांच्या: सहा, सात, सहा, तीन, सहा, पाच.

"परततो," ती म्हणाली. "सातव्याला नाही, आठव्याला परततो. त्या एका दिवसात."

"सहातल्या पाच डिशमध्ये."

"चौथीत तीनच आहे."

"चौथीत तीनच आहे," मी म्हणाले. "तीही दाखवायची."

"का नाही परतला तिच्यात?"

"मला माहीत नाही."

सीरमची बाटली या वेळी एकच होती. माझ्या त्या वाक्याला आता काही आधार उरला नव्हता.

गुरुवारी सभागृहात चाळीसेक माणसं होती. पुढच्या रांगेत तिचे आईवडील. वडिलांनी पांढरा शर्ट घातला होता, नवा, घडीच्या रेघा तशाच. बाहेरचे परीक्षक नागपूरकडचे, साठी ओलांडलेले, कमी बोलणारे. त्यांच्यापुढे प्रबंधाची प्रत आणि तिच्यात पिवळ्या चिठ्ठ्या.

तिनं पहिली तीन प्रकरणं नीट मांडली. मग चौथ्याची आकृती पडद्यावर आली आणि ती म्हणाली, "ही आकृती चुकीची आहे."

मागे कोणीतरी खोकलं. वडिलांनी आईकडे वाकून विचारलं, "एमंटोंदी?" काय म्हणते ती? ऐकू कमी येत असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

तिनं सांगितलं. एका शब्दाचे दोन अर्थ, दोन वह्या, एका दिवसाचा फरक, नव्या बारा डिश, चौथी डिश. "ही एक डिश आम्हाला समजलेली नाही," असंही म्हणाली. वीज गेल्याचं आणि खोली तापवल्याचंही सांगितलं, तापमानाच्या तक्त्यासकट.

परीक्षक माझ्याकडे वळले. "सूचना कोणी दिली होती?"

"मी. तोंडी. आठ दिवसांनी, असं."

"आणि वह्यांवर सही?"

"माझी."

"सीरमचं वाक्य?"

"माझंच. तपासलं नव्हतं."

"लक्षात कसं आलं?"

"सासूबाईंच्या गोळ्या एक कमी भरल्या, सर."

सभागृह हसलं. ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं.

व्हरांड्यात आम्ही बावीस मिनिटं उभ्या होतो. ती भिंतीला टेकून, मी घड्याळ बघत. तिनं एकदाच विचारलं, "मॅडम, नाही म्हणाले तर?"

"तर मी बार्शीला फोन करीन."

"त्याचा उपयोग होणार नाही."

"नाही होणार," मी म्हणाले. तिला खोटं सांगणं मला त्या दिवशी शक्य नव्हतं.

आत बोलावल्यावर परीक्षक उभे राहिले. "काम चांगलं आहे. आजची आकृती जुनीपेक्षा चांगली आहे. पण या रूपात प्रबंध मी मान्य करू शकत नाही. चौथं प्रकरण नव्यानं लिहा. जुन्या नऊ-नऊ डिश वेगळ्या, नव्या बारा वेगळ्या, सीरमचं वाक्य काढा. मला पंधरा दिवसांनी इथे पुन्हा यायचंच आहे. तेव्हा समोर बसून बघीन आणि नीट असेल तर तिथेच सही करीन. पत्र त्याच दिवशी मिळेल."

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणाला कळेना. तिच्या वडिलांना आईनं कानात सांगितलं, पण त्यांचा चेहरा बदलला नाही. ते अजून मुलीकडेच बघत होते.

ती जागची हलली नाही. बार्शीचा शुक्रवार पंधराव्या दिवशी होता, सकाळी साडेदहाला.

"सर," ती म्हणाली, "पंधरा दिवसांनी म्हणजे गुरुवारी की शुक्रवारी?"

या वेळी सभागृहात कोणीच हसलं नाही. परीक्षकांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. खिशातून छोटी डायरी काढली, पानं उलटली, एक कागद फाडून त्यावर काहीतरी लिहिलं आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवला. तिनं तो वाचला, माझ्याकडे धरला.

वार, तारीख, सकाळी अकरा. गुरुवार.

मी बोटांवर मोजलं, आजचा दिवस न धरता. चौदा भरले.